शाकारलेली बोट : योआचे दोन हिवाळे

ओस्लोच्या बिगडॉय भागात, फ्राम संग्रहालयाच्या आवारात, एका उंच छपराखाली योआ नावाची जुनी लाकडी बोट उभी आहे. मी तिच्या कडेकडेने पावलं मोजत गेलो. नाळेपासून सुकाणूपर्यंत अठ्ठावीस भरली. लांबी २१ मीटर, रुंदी जेमतेम ६, बांधणी १८७२ सालची, नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या रोसेन्दालमधली. मुळात हेरिंगच्या मासेमारीसाठी बांधलेली. रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या जेटीला आणून बांधली तर ट्रॉलरांच्या गर्दीत सहज मिसळून जाईल, एवढीच.

या बोटीवर पाच माणसं आर्क्टिकचे दोन हिवाळे राहिली. आणखी दोघं काठावर, सामानाच्या खोक्यांपासून उभारलेल्या खोलीत. ९ सप्टेंबर १९०३ ला बोट कॅनडाच्या उत्तर टोकाकडच्या किंग विल्यम बेटाच्या एका लहानशा खाडीत शिरली आणि १३ ऑगस्ट १९०५ ला तिथून बाहेर पडली. तेवीस महिने झाले. निघताना सातही जण जिवंत होते आणि स्कर्व्हीचा, म्हणजे ताज्या अन्नावाचून जडणाऱ्या आजाराचा, एकही रोगी नव्हता. याच बेटाच्या वायव्येला, १८४६ च्या सप्टेंबरात, इंग्रज दर्यावर्दी सर जॉन फ्रँकलिनची दोन भक्कम जहाजं बर्फात अडकली होती. एरेबस आणि टेरर. त्यांच्यावरच्या १२९ माणसांपैकी एकही घरी परतला नाही.

बेट एकच आणि थंडीही तीच. मग फरक कशाने पडला, एवढाच या लेखाचा विषय. वायव्य मार्ग, म्हणजे अटलांटिकमधून कॅनडाच्या उत्तरेने पॅसिफिकला जाणारी सागरी वाट, पहिल्यांदा बोटीने पार केल्याबद्दल योआचा प्रमुख रोआल्ड अमुंडसेन याचं नाव झालं, आणि ते व्हायलाच हवं होतं. पण त्या प्रवासातले बहुतेक दिवस बोट जागची हललीही नव्हती. मला कुतूहल आहे ते त्या न हललेल्या दिवसांचं.

हे कुतूहल घरातून आलं. आमच्याकडे जूनच्या आधी होडी वर ओढायची आणि शाकारायची. बांबूचा सांगाडा, वर माडाचे झाप, अलीकडे ताडपत्री. लहानपणी मला वाटायचं, जितकं घट्ट झाकू तितकं चांगलं. आजोबा दोन्ही टोकांना हात आत जाईल एवढी फट ठेवायचे. "आत वारा फिरायला हवा रे, नाहीतर ओलीनेच कुजेल," एवढंच बोलायचे. पाऊस वरून येतो तो झापांनी अडतो. आतली ओल मात्र फटीवाटेच बाहेर जाते. आर्क्टिकच्या हिवाळ्यात बोटीवर राहण्याबद्दल वाचू लागलो तेव्हा पानापानावर मला ती फट दिसत राहिली.

एक शब्दाची गोष्ट आधीच सांगून टाकतो. मराठीत आपण आभाळातून भुरभुरणाऱ्यालाही बर्फ म्हणतो आणि गोठलेल्या पाण्यालाही. या प्रकरणात दोघांची कामं अगदी उलटी आहेत, म्हणून पुढे पडणाऱ्याला हिम म्हणतो आणि गोठलेल्याला बर्फ.

आधीचा हिवाळा

अमुंडसेनने योआवरचा पहिला हिवाळा सुरू केला तेव्हा त्याच्या गाठीला एक वाईट हिवाळा होता. १८९७ मध्ये तो बेल्जिका या जहाजावर अधिकारी म्हणून अंटार्क्टिकाला गेला. मार्च १८९८ मध्ये जहाज बर्फात अडकलं ते वर्षभर सुटलं नाही. हिवाळ्याचे गरम कपडे सगळ्यांना पुरतील इतके नव्हते. सील आणि पेंग्विनचं मांस कप्तानाला आवडेना, म्हणून डबाबंद अन्नावर दिवस निघाले. स्कर्व्ही पसरला, काळोखाने माणसं मनातून खचली, एक अधिकारी हृदयविकाराने गेला. शेवटी डॉक्टर फ्रेडरिक कुक आणि अमुंडसेन यांनी ताजं मांस खायला लावलं आणि लोक उठून बसले.

माझ्या मते योआची खरी तयारी तिथे झाली. जहाज बुडालं नव्हतं, फुटलं नव्हतं, कोठारात अन्नही होतं. तरीही आतली माणसं कोसळत होती. बोट टिकणं आणि बोटीवरचं आयुष्य टिकणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे पंचविशीतल्या त्या माणसाने रोज सकाळी सोबत्यांच्या तोंडाकडे बघून शिकून घेतलं.

म्हणून पुढे स्वतःची मोहीम काढली तेव्हा त्याने लहान बोट घेतली, माणसं सहाच बरोबर घेतली आणि बेगमी पाच वर्षांची भरली. गॉडफ्रेड हॅन्सन हा डेन्मार्कच्या नौदलातला लेफ्टनंट, आन्तोन लुंड आणि हेल्मर हॅन्सन हे बर्फाच्या समुद्रातले मुरलेले खलाशी, पेदर रिस्टवेट इंजिन आणि हवामान बघणारा, गुस्ताव यूल वीक चुंबकीय नोंदींसाठी, आणि आडोल्फ लिंडस्ट्रम स्वयंपाकी. इंजिन १३ अश्वशक्तीचं, रॉकेलवर चालणारं. देणेकऱ्यांचा तगादा मागे लागला होता. १६ जून १९०३ च्या मध्यरात्री, पावसात, बोट ख्रिस्तियानियाहून म्हणजे आजच्या ओस्लोहून सुटली.

वाटेत दोनदा सगळं संपायची वेळ आली. इंजिनाच्या खोलीला आग लागली, शेजारीच रॉकेलच्या टाक्या होत्या. मग मॅटी बेटाजवळ बोट खडकावर चढली, तळाचे लाकडाचे ढलपे पाण्यावर तरंगताना दिसू लागले. डेकवरची खोकी समुद्रात लोटून दिली तेव्हा ती हलकी होऊन निसटली. या दोन प्रसंगांवर पानंच्या पानं लिहिता येतील; मी इथे थांबत नाही.

जागा

बर्फात राहण्याची जागा निवडणं हे घरासाठी जागा निवडण्यासारखंच असतं, एवढंच की इथे जमीन स्वतः चालत येऊन भिंतीवर आदळू शकते. उघड्या समुद्रातला बर्फ वाऱ्याने आणि प्रवाहाने सरकतो, एकावर एक चढतो, आणि मधे सापडलेली बोट चिरडतो. फ्रँकलिनची जहाजं अशाच सरकत्या बर्फाच्या तोंडावर अडकली. त्याच्या नकाशात किंग विल्यम बेटाच्या पूर्वेला वाटच नव्हती, जमीन जोडलेली दाखवली होती. पूर्वेला सामुद्रधुनी आहे हे जॉन रे याने १८५४ मध्ये पाहिलं, तेव्हा ते १२९ जण कधीच गेलेले होते.

अमुंडसेन पूर्वेकडून आला. बेटाच्या आग्नेय काठावर त्याला अरुंद तोंडाची, चहूबाजूंनी बुटक्या टेकड्यांची खाडी मिळाली. तोंड अरुंद म्हणून बाहेरचा बर्फ आत घुसत नाही. जवळ गोड्या पाण्याचं तळं. टेकड्यांवर शेवाळ, म्हणजे कॅरिबू हरणं येणार. ऑक्टोबरच्या सुरुवातीला खाडी गोठली आणि बोट जागच्या जागी पक्की झाली.

बोटीला धरून बसलेल्या बर्फाकडे आपण शत्रू म्हणून बघतो. जरा हिशोब करून पाहावा. समुद्राचं पाणी उणे १.८ अंशाला गोठतं; म्हणजे बर्फाखाली जे पाणी उरतं ते त्याहून थंड असूच शकत नाही. वर हवा उणे ४० असते तेव्हा बोटीचा बुडालेला भाग उणे दोनच्या आतल्या पाण्यात असतो. बोटीचा सगळ्यात उबदार शेजारी तिच्या पोटाखालीच असतो. थंडी येते ती वरून, डेकमधून, आणि पाण्याच्या रेषेवरच्या बाजूंमधून. शाकारायचं ते तेवढंच.

शाकारणी

डेकवर कापडाचं छप्पर चढवलं गेलं आणि बाजूंना हिम रचलं गेलं. वाऱ्याने दाबून घट्ट झालेलं हिम उष्णता अडवण्यात लाकडाच्या जवळपास पोचतं. फूटभर हिम म्हणजे अर्धा फूट जाड लाकडी भिंत, असा ढोबळ हिशोब धरायला हरकत नाही. आणि ही भिंत फुकट मिळते, पाहिजे तितकी मिळते, वादळात खचली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा उभी करता येते. गोठलेल्या बर्फाचं मात्र तसं नाही. हिमात हवा अडकलेली असते, बर्फात नसते. त्यामुळे बर्फातून उष्णता हिमाच्या दहापट सहज निसटून जाते. हाच फरक पुढे सगळीकडे येतो.

आता आतली बाजू. एक माणूस श्वासातून आणि कातडीतून दिवसाला पाऊण-एक लिटर पाणी हवेत सोडतो, काही न करता. बोटीवर पाच जण, म्हणजे रोजचे चार लिटर धरू. सहा महिन्यांच्या हिवाळ्यात सातशे लिटर. त्यात लिंडस्ट्रमच्या भांड्यांची वाफ, वाळत घातलेले मोजे, बुटांना चिकटून आत आलेलं हिम. हे सगळं पाणी उबदार हवेत तरंगतं आणि पहिली थंड जागा मिळेल तिथे उतरतं. खिळ्याचं डोकं, झाकणाची बिजागरी, बिछान्यामागची फळी. आधी दव, मग तुषार, मग बर्फाचा पापुद्रा. रात्री चूल मंद झाली की पापुद्रा जाड होतो, सकाळी चूल पेटली की वितळून गादीत झिरपतो. चार-सहा आठवड्यांत पांघरुणं जड होतात, लोकर कुबट होते आणि माणूस ओल्या बिछान्यात उठतो. थंडीने माणूस मरतो हे खरं. पण बोटीवर थंडी आत शिरते ती बहुतेक वेळा ओलीचा हात धरूनच.

मग मोह होतो भेगा बुजवण्याचा. हवा येते तिथे चिंधी कोंबली की ऊब वाढल्यासारखी वाटते. ओल आतच कोंडते ती निराळीच, आणि चुलीतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड ना दिसतो ना वास देतो. आजही ध्रुवीय भागात पोलादी नौकांवर कुटुंबं हिवाळा काढतात. पोलाद लाकडाच्या तीनशेपट उष्णता वाहून नेतं, म्हणून त्यांना आतून जाड फोमचं अस्तर द्यावंच लागतं आणि ते देताना एखादी बरगडी उघडी राहिली तर सगळा तुषार त्या बरगडीवर येऊन बसतो. सामान बदललं, फट ठेवायची की नाही हा प्रश्न तिथेही रोजचाच. झरोका उघडा ठेवला की ऊब जाते, इंधन जास्त जळतं. बंद ठेवला की कोरडेपणा जातो. किंग विल्यम बेटावर झाड नाही, त्यामुळे इंधन म्हणजे जे बरोबर आणलं तेवढंच.

काठावरची खोली कशासाठी होती हेही इथेच सांगायला हवं. अमुंडसेनला चुंबकीय ध्रुवाच्या, म्हणजे चुंबकाची सुई जिथे सरळ खाली वळते त्या जागेच्या, सलग नोंदी घ्यायच्या होत्या. १९ महिने त्या चालू राहिल्या. नाजूक सुईजवळ लोखंड चालत नाही आणि बोटीवर तर इंजिन होतं. म्हणून खोकी वाळूने भरून, तांब्याच्या खिळ्यांनी जोडून काठावर खोल्या उभ्या केल्या. रिस्टवेट आणि वीक तिथे राहायला गेले. काम विज्ञानाचं होतं, पण बोटीवरच्या दाटीवाटीतून दोन माणसं आणि त्यांचे दीड-दोन लिटर रोजचे कमी झाले, याचं मोल मी कमी धरत नाही. लहान जागेत सात माणसांना एकमेकांपासून थोडं लांब जाता येणं ही साधी गोष्ट नव्हे.

तेराइउकडून

२९ ऑक्टोबर १९०३ ला टेकडीवर पाच माणसं दिसली. अमुंडसेन दोघांना घेऊन बंदुकीसह पुढे गेला. त्याला एकच शब्द माहीत होता, "तैमा!" तो ओरडला. समोरून उत्तर आलं, "मनिक-तु-मी!" आणि दोन्हीकडची हत्यारं खाली गेली. नंतरच्या महिन्यांत नेत्सिलिक, म्हणजे त्या भागातल्या इन्युइट, लोकांची कुटुंबंच्या कुटुंबं खाडीजवळ येऊन राहिली.

या प्रकरणाचं निम्मं श्रेय या लोकांचं आहे, आणि बहुतेक ठिकाणी ते तोंडदेखलं दिलं जातं, म्हणून मी इथे सावकाश लिहितो.

पहिल्या हिवाळ्यात तेराइउ नावाचा एक वयस्कर माणूस बायको आणि मुलासह बोटीच्या आसऱ्याला राहिला. अमुंडसेनने त्याला गुरू केलं. रोज हिमाचं घर बांधायचं, मोडायचं, पुन्हा बांधायचं. इग्लू म्हणजे हिमाच्या विटा रचणं, अशी आपली चित्रातली समजूत. खरी सुरुवात विटांच्या आधी होते: लांब सळईसारखी काठी घेऊन माणूस हिमात टोचत फिरतो. काठी एकाच दाबाने, न अडखळता खाली गेली पाहिजे. मधे कडक थर लागला तर ते हिम दोन वेगळ्या वादळांचं, वीट त्या थरावर फुटणार. मऊ लागलं तर वीट हातात भुगा होणार. एकाच वादळात साचलेलं, एकजीव हिम सापडलं की मग सुरी काढायची. विटा आपल्याभोवती चढत्या वळणात रचत जायच्या, प्रत्येक जरा आत कललेली. बांधणारा आतच असतो. शेवटी स्वतःला आत कोंडून घेतो आणि मग खाली दार कापून बाहेर येतो. दार झोपायच्या ओट्यापेक्षा खाली, म्हणजे थंड हवा तिथेच साचून राहते. माथ्यावर बोटभर छिद्र.

ते छिद्र म्हणजे आजोबांची फट.

आणि यात एक गोष्ट बोटीपेक्षाही सरस आहे. हिमाची भिंत ओल शोषून घेते. दिव्याच्या उबेने आतला पृष्ठभाग जरासा वितळतो, पुन्हा गोठतो, आणि हळूहळू भिंतीला आतून बर्फाचा गुळगुळीत मुलामा चढतो. मुलामा जाड झाला की घर उष्णता धरेनासं होतं. मग ते सोडून द्यायचं आणि शेजारी नवं बांधायचं. तासा-दीड तासाचं काम. बोटीला आतून बर्फ चढला की तो खरवडत बसावं लागतं; हिमाच्या घराला चढला की घरच बदलतं. नेत्सिलिक लोकांनी ओलीशी भांडण मांडलंच नव्हतं. त्यांनी तिला एक घर देऊन टाकलं आणि स्वतः पुढे गेले.

कपड्यांचंही तसंच. युरोपातले दर्यावर्दी लोकर अंगाला घट्ट घालायचे. घाम लोकरीत मुरतो, थांबलं की गोठतो, आणि अंगावर बर्फाचा अंगरखा होतो. नेत्सिलिक पोशाख कॅरिबूच्या कातड्याचा, दुहेरी: आतला केस अंगाकडे, बाहेरचा केस बाहेर. कॅरिबूच्या केसांत हवा भरलेली असते. दोन्ही थर सैल, कंबरेला आवळलेले नाहीत, म्हणजे हवा खालून शिरून गळ्यापाशी निघते आणि घाम बरोबर घेऊन जाते. आतिक्लेउरा नावाच्या माणसाच्या घरचं शिवणकाम अमुंडसेनला फार आवडलं. त्याने तो पोशाख मागून घेतला आणि स्वतः घालू लागला.

मला सगळ्यात भावली ती एक छोटी काठी. घरात शिरण्याआधी नेत्सिलिक माणूस त्या काठीने अंगावरचे कपडे झोडपतो. केसांत अडकलेली वाफ बाहेरच्या थंडीत तुषार झालेली असते, कोरडी, धुळीसारखी. चार फटक्यांत झडून जाते. तसाच आत शिरला तर पाच मिनिटांत तीच ओल होऊन कातड्यात मुरेल आणि पोशाख कामातून जाईल. दारात पाय पुसण्याइतकी साधी सवय, पण तिच्यावर जीव अवलंबून. पाणी असेपर्यंत ओल छळते. गोठली की झटकता येते. बोटीवरही पांघरुणं बाहेर कडक थंडीत टांगून झटकली तर चुलीशेजारी वाळवण्यापेक्षा बरी कोरडी होतात. आपल्या श्रावणातल्या दोरीवरच्या कपड्यांना हे सुख नाही.

शिकायला वेळ लागला. मार्च १९०४ च्या सुरुवातीला अमुंडसेन चुंबकीय ध्रुवाच्या दिशेने निघाला तेव्हा पारा उणे ५० च्या खाली होता. एवढ्या थंडीत हिमावर स्लेज घसरत नाही, वाळूत ओढल्यासारखी अडकते, कारण घासून वितळणारा पाण्याचा पातळ थर तयारच होत नाही. काही दिवसांत परतावं लागलं. नेत्सिलिक लोक स्लेजच्या धावपट्ट्यांना पाण्याचा पातळ थर देऊन गोठवतात, त्याने ती सरकते. हेही मग शिकून झालं. एप्रिलमध्ये तो आणि रिस्टवेट पुन्हा निघाले, आणि जेम्स क्लार्क रॉसने १८३१ मध्ये जिथे चुंबकीय ध्रुव नोंदवला होता तिथून तो सरकला आहे हे त्यांनी दाखवून दिलं. त्या शोधाचं महत्त्व मोठं. माझी नजर मात्र मार्चमधल्या माघारीवर जाते. फ्रँकलिनच्या शेवटच्या तुकडीने १८४८ च्या एप्रिलमध्ये जड होड्या स्लेजवर चढवून त्या माणसांनीच ओढत नेल्या. योआची माणसं पहिल्या अडचणीला मागे फिरली, घरी आली, विचारलं, शिकली, आणि महिन्याभराने गेली. मागे फिरायला घर होतं आणि विचारायला शेजारी होते.

हा व्यवहार समसमान होता असं मी म्हणणार नाही. सुया, सुऱ्या, लोखंडाच्या बदल्यात अमुंडसेनने कपडे आणि वस्तूंचा मोठा साठा नॉर्वेला नेला. त्यातल्या काही वस्तू शंभरावर वर्षांनी योआ हेवनला, म्हणजे त्याच खाडीकाठच्या गावाला, परत गेल्या. तेराइउने जे शिकवलं त्याच्या बळावर १९११ च्या डिसेंबरात नॉर्वेचे लोक दक्षिण ध्रुवावर पोचले. त्यांच्यात हेल्मर हॅन्सन होता, आणि तळावर स्वयंपाकाला लिंडस्ट्रमच. तेराइउचं नाव त्या यादीत कुठे येत नाही.

बेगमी

पाच वर्षांचा शिधा बोटीत होता आणि तरी पहिल्याच शरदात सगळे कॅरिबूच्या मागे लागले. ऑक्टोबरपर्यंत मारलेलं मांस तिथे आपोआप गोठून राहतं, त्याला ना मीठ लागतं ना धूर. पुढे नेत्सिलिक लोकांकडून मासे आणि मांस मिळत राहिलं. ताज्या मांसात, विशेषतः कच्च्या किंवा कमी शिजवलेल्या मांसात, क जीवनसत्त्व असतं. हे नाव तेव्हा कुणाला माहीत नव्हतं, पण बेल्जिकावर ताज्या मांसाने हिरड्या सुधारताना अमुंडसेनने पाहिल्या होत्या. डबे मागच्या फळीवर ठेवले आणि पुढे ताटात त्या जमिनीचं अन्न आलं.

इथेच लहान असण्याचा फायदा दिसतो. सात तोंडांना त्या टेकड्या पोसू शकत होत्या. १२९ तोंडांना किंग विल्यम बेटाने पोसलं नसतं, मग त्यांच्यात कितीही चांगले शिकारी असोत. मोठं जहाज म्हणजे मोठी बेगमी आणि जास्त सुरक्षितता, असं कागदावर वाटतं; पण बेगमी संपली की मोठ्या जहाजाकडे दुसरं काही उरत नाही.

काळोख

योआ हेवन ६८ अंश ३८ मिनिटं उत्तरेला आहे. तिथे सूर्य साडेपाच आठवडे क्षितिजावर येत नाही, पण दुपारी आभाळ उजळतं, आपल्या पहाटेसारखं. नॉर्वेच्या उत्तरेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या न्यू-ओलेसुंडला, जिथे गोव्याच्या वास्कोतून चालणाऱ्या आपल्या ध्रुवीय संशोधन केंद्राचं हिमाद्री हे ठाणं आहे आणि डिसेंबर २०२३ पासून आपले संशोधक हिवाळ्यातही राहतात, हा काळोख जवळपास चार महिन्यांचा असतो. त्या मानाने योआवर काळोख कमी. त्यात दर काही तासांनी चुंबकीय नोंद घ्यायची, हवामान लिहायचं, तेराइउबरोबर घर बांधायला बाहेर जायचं. बेल्जिकावर काळोखात माणसं बिछान्यात पडून राहिली होती. इथे कुणाला पडून राहायची सोय नव्हती, आणि माझ्या मते ते चांगलंच झालं.

जे जमलं नाही

पहिल्या हिवाळ्यात बरेचसे कुत्रे आजाराने मेले. बोटीवरच्या लोकांना जमीन पोसत होती, कुत्र्यांना वाचवता आलं नाही.

आणि तिसरा हिवाळा. ऑगस्ट १९०५ मध्ये बोट निघाली, सिंप्सन सामुद्रधुनीतल्या उथळ पाण्यातून, कधी कधी तळाखाली इंचभर पाणी, अशी पश्चिमेला सरकली. २६ ऑगस्टला समोरून सॅन फ्रान्सिस्कोचं चार्ल्स हॅन्सन हे देवमाशांच्या शिकारीचं जहाज आलं. वायव्य मार्ग सर झाल्याची ती खूण होती. पण सप्टेंबरात किंग पॉइंटपाशी, हर्शेल बेटाच्या अलीकडे, बर्फाने पुन्हा धरलं. इथे काठावर मॅकेन्झी नदीने वाहून आणलेली लाकडं ढिगाने होती, जवळ इतर जहाजंही होती, इंधनाची चणचण नव्हती. अमुंडसेन स्लेजने अलास्कातल्या ईगल गावी गेला आणि तिथून ५ डिसेंबरला तार केली. सगळं आधीच्या दोन हिवाळ्यांपेक्षा सोपं होतं.

आणि ३१ मार्च १९०६ ला वीक गेला. १९ महिने काठावरच्या खोलीत चुंबकाची सुई बघणारा तोच वीक. आजार अचानक उठला, बोटीवर डॉक्टर नव्हता, काही दिवसांत संपलं. जमीन गोठलेली होती, पुरायलाही थांबावं लागलं.

ही नोंद मी सोडली असती तर प्रकरण जास्त सुबक झालं असतं. शाकारणी, हिम, कातडी, ताजं मांस यांनी थंडी, ओल आणि स्कर्व्ही परतवले. माणसाच्या पोटात किंवा छातीत काही उठलं तर त्याला ती बोट उत्तर देऊ शकत नव्हती, आणि आजही हिवाळ्यात बर्फात राहणाऱ्या लहान नौकेला ते उत्तर हेलिकॉप्टर वेळेत येईल का यातच शोधावं लागतं. वीकच्या मृत्यूला अमुंडसेनची चूक म्हणायला मी तयार नाही, पण सात जणांत एक डॉक्टर असता तर, हे मनातून जात नाही. बेल्जिकावर डॉक्टर कुकनेच अमुंडसेनला वाचवलं होतं.

ओस्लोत बोटीच्या उजव्या अंगाला मी बराच वेळ उभा होतो. अलास्कातल्या नोम गावी ती ३१ ऑगस्ट १९०६ ला पोचली; पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये ती १९०९ पासून उघड्यावर, धुक्यात आणि पावसात, साठ वर्षांहून अधिक काळ पडून होती, आणि १९७२ मध्ये नॉर्वेला परत आली. तेवीस महिने बर्फाने जे केलं नाही ते त्या बागेतल्या ओलीने केलं. लाकूड कुजत गेलं. आता वर छप्पर आहे. मी वाकून फळ्यांच्या सांध्यांकडे बघत होतो तेव्हा कुठूनशी थंड हवेची बारीक झुळूक गालाला लागली. वर पाहिलं. भिंतीच्या माथ्याशी हवा खेळायला जागा ठेवलेली होती.